पेगीची जागा

इदवल रोलंड्सनी आधी चहाचं विचारलं, मग तक्रार सांगितली:
मागच्या खोलीतला दिवा मिणमिणतो,
हीटर लावला की जास्त.

पाटीच्या दगडाचं गाव आमचं, छपरं पाटीची, कुंपणं पाटीची,
आणि म्हाताऱ्यांच्या छातीत पाटीचीच धूळ.
ते बोलायचे थांबले तरी ती वाजत राहते.

इफानला म्हटलं, मेन पाड.
आणि पाडला म्हणजे वायर मेली असं समजू नकोस.
टेस्टर आधी जिवंत ठिकाणी लाव, मग इथे,
मग परत जिवंत ठिकाणी.
मधल्या वेळात टेस्टरच मेला असेल तर?
तो सतरा वर्षांचा. मान हलवतो,
मीही त्या वयात अशीच हलवायचे, काही न ऐकता.

बोर्ड काळा, बेकेलाइटचा,
आत चिनी मातीचे किटकॅट,
आणि त्यातल्या एकात फ्यूजच्या तारेऐवजी
सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद.
हे कुणी केलं?
कुणी नाही, ते म्हणाले.
म्हणजे त्यांनीच.

दिव्याच्या वायरीला अर्थ नाही, मी वहीत लिहिलं.
तेव्हाची घरं अशीच, दोन तारांवर भागवलेली.
लाल फेज, काळी न्यूट्रल.
आता तपकिरी फेज, निळी न्यूट्रल,
आणि तीन फेजच्या कामात काळीसुद्धा झटका देते.
रंगावर जाऊ नकोस, इफान.
रंग माणसं ठरवतात,
आणि पुढच्या बैठकीत बदलतात.

मागच्या खोलीत पेगी.
चौदा वर्षांची, करडी, एक कान फाटका.
हीटरसमोर नाही, हीटरपासून चांगली चार हात लांब,
उघड्या फळीवर, वेटोळं करून.
हटेना.

तिची जागा आहे ती, इदवल म्हणाले.
मारेद शिवायला बसायची ना, तिच्या पायांशी.
मारेद गेली, मशीन देऊन टाकलं, खुर्ची हलवली,
ही नाही हलली.
सहा हिवाळे झाले. जनावराला कळतं.

मी तिला उचललं, फळीला हात लावला.
फळी गरम होती.

खाली दोन वायरींचा पिळलेला जोड,
आणि शेजारच्या लाकडात
तळहाताएवढा कोळसा.

ही मारेदने ओढली, ते मागून म्हणाले, एकाहत्तर साली.
स्वयंपाकघरातल्या सुरीने.
मी खाणीतून आलो तर मशीन चालू,
आणि ही बाई अशी बसलेली, जशी राणी.

मी गुडघ्यावर वाकून टॉर्च धरला.
कापडी पट्टीचं टोक चिकटवलेलं नव्हतं,
शिवलेलं होतं.
पांढरा दोरा, बारीक टाके, सारख्या अंतरावर.
मी असा जोड पाहिला नाही कधी.
जीव घेतला असता त्याने,
पण सुबक.

एका शिवणयंत्रापुरती होती बिचारी.
पुढे तिच्यावर दोन किलोवॅटचा हीटर आला,
आणि उडायला हवा होता तो फ्यूज
चंदेरी कागदामुळे उडाला नाही.
इफान तोंड उघडणार होता.
मी त्याला गाडीतून ड्रिल आणायला पाठवलं.
ड्रिल माझ्या हातात होतं.

तीन दिवस लागले.
नवी केबल, नवा बोर्ड, अर्थ थेट दगडाखालच्या मातीत.
जोड कापून मी इदवलच्या हातावर ठेवला.
त्यांनी तो खिशात टाकला, चष्म्याच्या बाजूला.

शेवटच्या संध्याकाळी हीटर लावून पाहिला.
दिवा स्थिर.
पेगी आली, फळी हुंगली,
दोनदा गोल फिरली, बसली,
लगेच उठली.
मग आमच्या तिघांकडे पाहिलं
आणि जिन्याकडे गेली, सावकाश,
अनोळखी घरात चालावं तशी.

सर्टिफिकेटवर 'समाधानकारक'समोर
खूण करायची असते.
पेन उठत नव्हतं.
थंडीमुळे असेल.